तळघरातला उजेड आणि छतामागची उष्णता

आमच्या संस्थेच्या तळघरात एक खोली आहे. पूर्वी तिथे अतिसूक्ष्म मोजमापांची उपकरणे होती. रस्त्यावरून ट्रक गेला तरी वरच्या मजल्यांवरची जमीन किंचित थरथरते आणि अशा उपकरणांना ती थरथर चालत नाही, म्हणून त्यांची जागा तळघरात. पुढे उपकरणे नव्या इमारतीत गेली आणि २००७ साली ती खोली शिक्षकांच्या शिबिरांसाठी आणि मुलांच्या प्रयोगांसाठी मोकळी झाली. खोलीला एकही खिडकी नाही. त्यामुळे दिवे चांगले हवेत हे सर्वांनाच पटले. टांगते छत करून त्यात हॅलोजनचे सोळा छोटे दिवे बसवण्यात आले.

मे २०१७ मध्ये या खोलीत विज्ञानशिक्षकांचे शिबिर चालू होते. लोलकातून जाणाऱ्या किरणाचा प्रयोग रंगात आला असताना मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "सर, काही करपतंय का?" आम्ही वर पाहिले. एका दिव्याभोवती छताच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी कडे उमटले होते. दिवे बंद करून सर्वांना शांतपणे वर नेले आणि मग फरशी उचलून पाहिली. दिव्यामागच्या तारेचे प्लॅस्टिक कडक होऊन चुरा झाले होते. हात लावताच ते गळून पडले आणि तांबे उघडे पडले. आणखी काही तास दिवे चालू राहिले असते, तर खिडकी नसलेल्या आणि एकच जिना असलेल्या त्या खोलीत काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

या दिव्यांची जागा नव्या दिव्यांनी भरताना आम्ही जे शिकलो, ते या लेखात मांडतो. वरवर पाहता हा वायरमनचा विषय आहे. पण त्यात प्रकाश, उष्णता, वीज आणि थोडी भूमिती इतके सगळे एकत्र येते, की शाळेतल्या भौतिकीचा तो एक चांगला उजळणीवर्गच ठरावा.

टांगते छत आले कुठून?

तळघर आणि टांगते छत ही जोडी उत्तर अमेरिकेतल्या घरांत फार रुळलेली आहे. तिकडच्या थंड भागात हिवाळ्यात जमिनीतले पाणी काही फुटांपर्यंत गोठते. पाणी गोठताना प्रसरण पावते आणि वरचे बांधकाम उचलते. म्हणून घराचा पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढे खणायचेच, तर थोडे आणखी खणून खोली का काढू नये, असा हा व्यवहारी विचार. मात्र घरातले सगळे नळ, हवेचे पत्र्याचे मार्ग आणि विजेच्या तारा या तळघराच्या माथ्यावरून जातात. त्या झाकल्या तर पाहिजेत, पण दुरुस्तीसाठी सापडल्याही पाहिजेत. यावर उपाय म्हणजे वरच्या स्लॅबपासून तारांनी लोंबकळवलेली धातूच्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्या चौकटींत नुसत्या ठेवलेल्या हलक्या फरशा. फरशी हाताने उचलली की वरचे सगळे दिसते. अशा सहज उघडता येणाऱ्या छताच्या रचनेसाठी अमेरिकेत डोनाल्ड ब्राउन यांनी १९५८ साली अर्ज केला आणि १९६१ साली त्यांना पेटंट मिळाले.

आपल्याकडे हेच छत 'फॉल्स सीलिंग' या नावाने संगणककक्षांत, बँकांत आणि दवाखान्यांत पोहोचले. तिकडच्या दोन फुटांच्या चौकटीऐवजी इकडे ६०० मिलिमीटरची चौकट असते आणि तिच्यात ५९५ मिलिमीटर बाजूची चौरस फरशी बसते. पट्टीचा छेद उलट्या इंग्रजी 'टी' अक्षरासारखा असतो, म्हणून कारागीर तिला टी-पट्टी म्हणतात.

तळघराची उंची मुळात कमी. त्यात टांगत्या छताने आणखी अर्धा-पाऊण हात खाल्ला, की लोंबता दिवा डोक्याला लागणार. म्हणून दिवा छतातच दडवायचा. फरशीला भोक पाडून त्यात बसवलेल्या अशा दिव्याला 'डाउनलाइट' म्हणतात. खालून पाहिले तर फक्त प्रकाशाचे वर्तुळ दिसते. दिव्याचा बाकी सगळा संसार छताच्या वर, नजरेआड असतो. अडचण सुरू होते ती याच ठिकाणी.

उजेड पुढे, उष्णता मागे

आमचे जुने दिवे १२ व्होल्टवर चालणारे, ५० वॅटचे हॅलोजन दिवे होते. त्यांच्यामागे काचेचा चकचकीत परावर्तक असतो. तो साध्या आरशासारखा नसतो. काचेवर वेगवेगळ्या पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक दिलेले असतात. थरांची जाडी अशी निवडलेली असते, की दृश्य प्रकाश परावर्तित होऊन पुढे यावा आणि अवरक्त किरण मात्र काचेतून आरपार मागे निघून जावेत. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यामागचेच हे व्यतिकरणाचे तत्त्व. या युक्तीमुळे अवरक्त प्रारणाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मागे जातो. दुकानातल्या मिठाईवर किंवा चित्रावर प्रकाश टाकायचा असेल तर ही मोठी सोय आहे. उजेड पडतो, पण वस्तू तापत नाही. म्हणूनच हे दिवे 'थंड झोताचे' म्हणून विकले जात.

पण ऊर्जा नाहीशी होत नाही. झोत थंड असतो, कारण उष्णता दिव्याच्या पाठीमागे टाकलेली असते. आणि छतात दडवलेल्या दिव्याची पाठ म्हणजे बंद छत. थोडा हिशोब करू या. ५० वॅटपैकी सुमारे ४० वॅट अवरक्त प्रारणात जातात. त्याचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे २७ वॅट, मागे. त्यात ट्रान्सफॉर्मरची उष्णता मिळवली तर एका दिव्यामागे ३० वॅट धरायला हरकत नाही. सोळा दिव्यांचे झाले ४८० वॅट. छताच्या वर अर्ध्या इस्त्रीएवढी शेगडी दिवसभर पेटलेली होती, आणि खाली बसून आम्ही 'किती छान, गार दिवे आहेत' म्हणत होतो.

तरीही नऊ वर्षे काही झाले नाही, कारण छताच्या वर अर्धा मीटर मोकळी जागा होती. तापलेली हवा वर जाई, गार हवा तिची जागा घेई, आणि अभिसरणाने उष्णता स्लॅबकडे आणि पत्र्याच्या मार्गांकडे वाहून जाई. २०१६ साली शेजारच्या खोलीत पाण्याचे पंप आले. त्यांचा आवाज शिबिरात फार येऊ लागला, म्हणून फरशांवर ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, जाड गाद्या अंथरण्यात आल्या. आग्रह आमचाच होता. आवाज बराच कमी झाला आणि सगळे खूश झाले.

काचेची लोकर आवाज शोषते. पण तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हलू शकत नाही, म्हणून ती उष्णतेचीही दुर्वाहक असते. थंडीत आपण पांघरतो त्या गोधडीचेच हे काम. आम्ही तापलेल्या दिव्यांवर गोधडी पांघरली होती. घटनेनंतर एक दिवा टेबलावर तसाच मांडून, वर लोकर ठेवून, तारेजवळ थर्मोकपल लावून पाहिला. तापमान ११० अंश सेल्सियसच्या पुढे गेले आणि वाढतच राहिले, तेव्हा आम्ही प्रयोग थांबवला. घरगुती तारांवरचे नेहमीचे पीव्हीसीचे वेष्टन ७० अंशांपर्यंतच सतत वापरायचे असते. त्याच्या पुढे ते हळूहळू कडक होते आणि तडकते. शिवाय १२ व्होल्टवर ५० वॅट हवे तर प्रवाह ४.२ अँपियर लागतो. २३० व्होल्टवर तोच प्रवाह ०.२२ अँपियर असता. तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने एखादा जरी सांधा सैल असला तरी तो स्वतःच तापू लागतो.

अशी चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत इंधन वाचवण्यासाठी घरांच्या छतांत उष्णतारोधक भरण्याची लाट आली. जुन्या दडवलेल्या दिव्यांवर ते पसरले आणि दिवे तापून आगी लागल्या. दिवा बसवणाऱ्याने मोकळी जागा सोडली होती. उष्णतारोधक घालणाऱ्यानेही आपले काम चोख केले होते. दोघांची कामे एकत्र आली तेव्हा धोका झाला. त्यानंतर तिकडे या दिव्यांचे दोन वर्ग पडले. एका वर्गातल्या दिव्यांना उष्णतारोधक टेकले तरी चालते. त्यांच्यावर 'आयसी' ही खूण असते. दुसऱ्या वर्गातल्या दिव्यांपासून ते निदान ३ इंच दूर ठेवावे, असे तिथली विद्युत संहिता सांगते.

एलईडी थंड असतो का?

आता कोणी म्हणेल, एलईडी आले, प्रश्न मिटला. बराच मिटला, पण पूर्ण नाही. एलईडीच्या झोतात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्याखाली हात धरला तर ऊब लागत नाही. पण प्रत्येक वॅटमागे १०० ल्युमेन देणाऱ्या दिव्यात विजेचा साधारण एक तृतीयांश भागच प्रकाश होतो. बाकीची उष्णता त्या इवल्याशा अर्धवाहकात आणि त्याच्या 'ड्रायव्हर'मध्ये निर्माण होते. ड्रायव्हर म्हणजे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून योग्य तो एकदिश प्रवाह तयार करणारी छोटी डबी. १२ वॅटच्या दिव्यात ४ वॅटचा प्रकाश आणि ८ वॅटची उष्णता. हॅलोजनचा तापलेला तंतू आपली बरीचशी उष्णता प्रारणाने फेकतो. एलईडीला ती सोय नाही. त्याची उष्णता पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पंखांतून वहनाने बाहेर पडते आणि पुढे हवेच्या अभिसरणाने जाते. म्हणजे पुन्हा छताच्या वरच.

ही उष्णता कोंडली तर आग लागण्याची शक्यता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण दिवा अकाली मरतो. ड्रायव्हरमध्ये विद्युतविच्छेद्य द्रव असलेला एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर असतो. तापमान वाढले की हा द्रव लवकर सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले तर आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. रासायनिक अभिक्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो हे अकरावी-बारावीत शिकवतो, त्याचेच हे रोजच्या वापरातले रूप.

आम्ही नव्या दिव्यावर दोन तासांचा प्रयोग केला. खोलीचे तापमान २७ अंश होते. छताच्या वर मोकळी हवा असताना ड्रायव्हरची डबी ४६ अंशांवर स्थिरावली. वर लोकर टाकली तेव्हा ती ६६ अंशांवर गेली. फरक २० अंशांचा, म्हणजे ठोकताळ्यानुसार आयुष्य एक चतुर्थांश. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज सहा तास, वर्षाचे २५० दिवस दिवा लावला तर वर्षाला १,५०० तास होतात आणि कागदोपत्री दिवा सोळा वर्षांहून अधिक टिकायला हवा. लोकरीखाली तोच ड्रायव्हर चारेक वर्षांत दगा देण्याची शक्यता. 'एलईडी टिकत नाहीत हो' अशी तक्रार आपण पुष्कळदा ऐकतो. तिचे मूळ अनेकदा छताच्या वर सापडते.

किती दिवे लागतील?

'अंदाजे दहा-बारा लावू' असे मिस्त्री म्हणतो. त्यापेक्षा थोडे गणित करणे बरे. प्रकाशस्रोतातून एकूण किती प्रकाश निघतो हे ल्युमेनमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात, ते म्हणजे लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. लिहिण्या-वाचण्याच्या खोलीत टेबलावर ३०० लक्स धरण्याचा प्रघात आहे. आयएस ३६४६ हे भारतीय मानकही अध्यापनाच्या खोल्यांसाठी २०० ते ५०० लक्सचा पट्टा सांगते.

आमची खोली ६ मीटर लांब आणि ४.८ मीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ २८.८ चौरस मीटर. टेबलावर लागणारा प्रकाश ३०० गुणिले २८.८, म्हणजे ८,६४० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश टेबलावर पडत नाही. काही भिंतींवर पडतो आणि त्यातला थोडाच परत येतो. फिक्या भिंती असल्या तर १०० पैकी ६० भाग टेबलावर पोहोचतो असे धरू. शिवाय दिवे जुने होतात, काचेवर धूळ बसते, म्हणून आणखी ०.८ ने गुणू. ०.६ गुणिले ०.८ म्हणजे ०.४८. ८,६४० ला ०.४८ ने भागले की १८,००० ल्युमेन येतात. १५ वॅटचा दिवा साधारण १,५०० ल्युमेन देतो. म्हणजे बारा दिवे पुरे. चार-चारच्या तीन ओळी, किती सुटसुटीत!

चौकटींचे कोडे

कागदावर सुटसुटीत वाटणारी ही मांडणी छतावर बसेना. आमच्या छतात लांबीला १० आणि रुंदीला ८ फरशा आहेत. तीन समान ओळी हव्यात तर मधली ओळ खोलीच्या बरोबर मध्यावर यायला हवी. पण ८ ही सम संख्या असल्याने मध्यावर फरशी नसून टी-पट्टी आहे. पट्टी कापली तर छताचा आधारच जातो. तेव्हा ओळी दोन किंवा चार, तीन नाहीत. जाळी मुळातच अर्धी फरशी सरकवून बसवली असती तर तीन ओळी जमल्या असत्या. म्हणून दिव्यांचा आराखडा छताच्या आधी करावा, नंतर नव्हे.

आम्ही चार ओळी घेतल्या, म्हणजे दिवे सोळा. मग १५ ऐवजी १२ वॅटचे पुरतात. १,२०० गुणिले १६, म्हणजे १९,२०० ल्युमेन आणि टेबलावर ३२० लक्स. रुंदीला १, ३, ६ आणि ८ क्रमांकाच्या फरशा, लांबीला २, ४, ७ आणि ९. दिव्यांमधली अंतरे १.२, १.८ आणि पुन्हा १.२ मीटर येतात. दिव्यांची संख्या जुनीच राहिली, पण ८०० वॅटच्या जागी आता १९२ वॅट लागतात.

अंतरे कितपत चालतील हे ठरते झोताच्या कोनावर. आमचे छत जमिनीपासून २.५ मीटरवर, टेबल ०.७५ मीटरवर. मधले अंतर १.७५ मीटर. जुन्या दिव्याचा झोत ३६ अंशांचा होता. त्याचे टेबलावर पडणारे वर्तुळ २ गुणिले १.७५ गुणिले टॅन १८ अंश, म्हणजे १.१ मीटर व्यासाचे. त्यामुळे दिव्याखाली ६०० लक्स आणि दोन दिव्यांच्या मध्ये ६० लक्स अशी स्थिती होती. वही अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. नव्या दिव्याचा झोत ९० अंशांचा आहे आणि वर्तुळ ३.५ मीटरचे. शेजारच्या दिव्यांची वर्तुळे एकमेकांत पुरेशी मिसळतात. दिव्यांमधले अंतर छत आणि टेबल यांतल्या अंतराच्या आसपास ठेवावे, हा सोपा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कडेच्या ओळी भिंतीपासून फक्त ३० सेंटिमीटरवर आल्या, याचा आधी संकोच वाटला. पण त्याचा फायदाच झाला. डाउनलाइटचा प्रकाश सरळ खाली जातो, भिंती काळोख्या राहतात आणि बिनखिडकीची खोली गुहेसारखी वाटते. आता भिंती उजळल्या आणि खोली मोठी भासू लागली.

दिवा निवडताना

छतात दडवलेला दिवाच हवा का, हा प्रश्न आधी विचारावा. ६०० मिलिमीटरच्या चौकटीत फरशीऐवजी थेट बसणारी चपटी एलईडी पॅनेल मिळतात. भोक पाडावे लागत नाही, उजेड एकसारखा पसरतो. साध्या वर्गखोलीला तीच अधिक सोयीची. आमच्याकडे प्रकाशाचे प्रयोग होतात, एकेक ओळ बंद करावी लागते आणि छत बुटके असल्याने मोठे चकचकीत चौकोन डोळ्यांसमोर नको होते. म्हणून आम्ही खोलगट डाउनलाइट घेतले. त्यात प्रकाशाचा बिंदू कडेच्या आत खोल असतो आणि समोर पाहणाऱ्याच्या डोळ्यात थेट येत नाही.

रंगाकडेही पाहावे. लिटमसचा जांभळा आणि निळा, मिथिल ऑरेंजचा नारिंगी आणि पिवळा हे फरक दिसायला हवेत. त्यासाठी रंगदर्शन निर्देशांक निदान ८० असावा. तो खोक्यावर छापलेला असतो. प्रकाशाची छटा ४,००० केल्व्हिनची घेतली तर ती ना फार पिवळी, ना फार निळसर. तिसरी गोष्ट लुकलुकण्याची. स्वस्त ड्रायव्हरमधून प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण काहींचे डोके दुखते. दुकानात दिवा लावून त्याखाली पेन्सिल जोरात हलवावी. पंख्यासारखा सलग पट्टा दिसला तर दिवा चांगला. सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो घेऊ नये. आणि चौथी गोष्ट म्हणजे मागचे धातूचे पंख. दिवा हातात घेऊन उलटा करून पाहावा. पाठ नुसत्या प्लॅस्टिकची असेल तर उष्णता जाणार कुठून, असे विक्रेत्याला विचारावे.

बसवताना

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपण करायचे ते एवढेच, की काय करायचे आहे ते समजून घ्यावे आणि उभे राहून पाहावे.

फरशी जाळीतून काढून जमिनीवर ठेवून कापावी. डोक्यावर कापली तर भुसा डोळ्यात आणि नाकात जातो. खाली कापतानाही नाकाला फडके हवे. कर्ण आखले की मध्य मिळतो. छिद्राचा व्यास दिव्याच्या खोक्यावर दिलेला असतो, त्याच मापाची गोल करवत लावावी. खनिजतंतूची फरशी दीड किलोच्या आसपास, म्हणजे हलकी असते आणि तळघरातल्या दमट हवेने ती आणखी मऊ पडते. तिच्या मध्यावर दिव्याचे वजन टाकले तर काही महिन्यांत पोट खाली येते. दोन पुस्तकांवर प्लॅस्टिकची पट्टी ठेवून मध्ये खोडरबर ठेवा, मग कडेला ठेवा. वाक कुठे जास्त येतो ते दिसेल. म्हणून दिव्याचे वजन फरशीवर न टाकता दोन टी-पट्ट्यांवर आडव्या ठेवलेल्या धातूच्या पट्टीवर घ्यावे आणि शिवाय एक बारीक तार स्लॅबला बांधावी. भूकंपात किंवा फरशी तुटल्यास दिवा कोणाच्या डोक्यावर पडणार नाही.

तारा फरशांवर लोळू देऊ नयेत. त्या स्लॅबला बांधलेल्या नळीतून न्याव्यात आणि सांधे झाकणाच्या डबीत असावेत. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे. सगळ्या दिव्यांचा मिळून प्रवाह एक अँपियरही नाही. धातूच्या प्रत्येक दिव्याला अर्थिंग हवेच, आणि मंडळावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबीही. फळ्याजवळच्या ओळीला वेगळे बटण ठेवावे. पडद्यावर चित्र दाखवताना तेवढीच ओळ बंद करता येते.

दोन दिवे मात्र बॅटरीवर चालणारे ठेवावेत, एक दाराजवळ आणि एक जिन्याकडे जाताना. भारनियमन आपल्याला नवे नाही, पण वर्गात वीज गेली तरी खिडकीतून उजेड असतो. तळघरात वीज गेली की काळोख म्हणजे स्वतःचा हात न दिसण्याइतका काळोख. तीस मुले अशा वेळी एका जिन्याकडे धावली तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि शेवटी काचेची लोकर. आम्ही ती छतावरून काढून पंपाच्या खोलीच्या सामाईक भिंतीला लावली. आवाज जिथून येतो तिथेच अडवला. छताच्या वर आता काही ठेवायचे नाही, असे दाराजवळ लिहून ठेवले आहे.

शाळेत करून पाहा

चौकोनी कागदावर आपल्या वर्गाचा आराखडा काढा. आठवी-नववीच्या मुलांना दर मीटरला एक अशा बिंदूंवर मोबाइलच्या लक्समापकाने टेबलाच्या उंचीवर नोंदी घ्यायला सांगा. मोबाइलचे आकडे तंतोतंत नसतात, पण एकाच मोबाइलने घेतलेल्या नोंदींची तुलना चांगली होते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांचे गुणोत्तर काढा. आमच्या जुन्या खोलीत ते दहास एक होते, आता दोनास एक आहे. मग दिवे पुसून पुन्हा मोजा. नुसत्या धुळीने किती उजेड खाल्ला होता ते मुलांना स्वतःच कळेल. १० गुणिले ८ च्या चौकटीत तीन ओळी का बसत नाहीत, हे कोडे पाचवीच्या मुलांनाही घालता येते.

आणि शाळेच्या संगणककक्षात टांगते छत असेल, तर वायरमनला बोलावून, मुख्य बटण बंद करून, एका दिव्याशेजारची फरशी उचलून पाहायला सांगा. वर जुन्या वह्यांचे गठ्ठे, थर्मोकोल, कबुतराचे घरटे किंवा लोकर सापडली तर ती त्याच दिवशी काढून टाका. काय सापडले आणि मोजमापांचे आकडे काय आले, ते आम्हाला जरूर कळवा.